केळीपट्ट्यातली वादळं: ईआरए-५ घ्यावा की मेरा-२?

मे उजाडला की कुणी ना कुणी एम.एस्सी.चा विद्यार्थी विचारतोच: खान्देशातल्या मान्सूनपूर्व वादळांवर काम करायचंय, पुनर्विश्लेषणाचा, म्हणजे जुनी निरीक्षणं आणि संगणकाचं हवामान-प्रतिमान जोडून तयार केलेल्या हवेच्या नोंदींचा, कोणता संच घेऊ? युरोपीय हवामान केंद्राचा ईआरए-५ आणि नासाचा मेरा-२, मी दोन्ही वापरलेत. मेरा-२ वर सलग दोन उन्हाळे काम केलं आणि मग तो बाजूला ठेवला. कारण एकच होतं.

आमच्याकडे वावधान बहुधा चार ते सहाच्या दरम्यान सुटतं. सातपुड्याच्या अंगाने आभाळ काळं होतं, पंधरा-वीस मिनिटं वारा घोंगावतो आणि घड लागलेली केळी एकाच दिशेला आडवी पडते. या वेळा मी वहीत लिहून ठेवतो. एका मे महिन्यात रावेरजवळच्या बागेत पावणेपाचला वारा सुटला. तोवर घामाने सदरा अंगाला चिकटलेला, आणि पाच वाजता शेजारचे नाना गारव्याने उपरणं छातीशी ओढून उभे होते.

त्या दिवसाची केप, म्हणजे वर चढणाऱ्या हवेला मिळू शकणारी, वादळ फुलवणारी ऊर्जा, काढायला मेरा-२ उघडला. त्यात वरच्या थरांचं तापमान आणि आर्द्रता दर तीन तासांनी मिळते. आपल्या घड्याळाप्रमाणे दुपारी अडीच, नंतर थेट साडेपाच. अडीचला वरचं उबदार झाकण, म्हणजे खालच्या हवेला वर चढू न देणारा उबदार थर, अजून घट्ट होतं आणि साडेपाचला ऊर्जा ओसरलेली. ज्या घटकेला वादळ उठलं ती घटका संचात नव्हतीच. जमिनीलगतच्या नोंदी मेरा-२ सुद्धा तासातासाला देतो, पण केप काढायची तर वरपर्यंतची सगळी हवा लागते. वहीतली जुनी वादळं एकेक करून तपासली, तर बरीचशी याच फटीत पडलेली. ईआरए-५ मध्ये साडेतीन आणि साडेचार दोन्ही मिळाले. साडेचारच्या नोंदीत केप चढलेली आणि झाकण विरलेलं स्पष्ट दिसत होतं. तेव्हापासून मी मेरा-२ कडे वळलेलो नाही.

हे संच नकाशाचे ज्या चौकटींत तुकडे करतात, त्या चौकटीचंही आहेच. मेरा-२ ची चौकट अक्षांशात अर्ध्या अंशाची. रावेर जवळजवळ दोन चौकटींच्या सीमेवर येतं: एक तापीच्या सपाटीची, दुसरी सातपुड्याच्या चढाची. कुठली घ्यायची यावर केप बदलते. ईआरए-५ चा पाव अंशाचा बिंदू २१.२५ उत्तर, ७६ पूर्व, म्हणजे रावेरच्या अगदी जवळ. शिवाय ईआरए-५ जमिनीतला ओलावा ठरवताना दोन मीटरवरच्या तापमान-आर्द्रतेच्या नोंदी विचारात घेतो, मेरा-२ घेत नाही. ठिबकवर वाढलेल्या बागांच्या पट्ट्यात मला हा फरक मोलाचा वाटतो, कारण दवबिंदू एखाद्या अंशाने हलला तरी केप शेकड्यांनी हलते.

तरी अचूकतेबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. वाऱ्याचा शिअर, म्हणजे उंचीनुसार वाऱ्याच्या वेग-दिशेत होणारा बदल, दोन्ही संच बऱ्यापैकी धरतात, पण जमिनीलगतची ओल आणि पातळ झाकण दोघांकडेही गुळगुळीत होऊन येतं, आणि टोकाच्या दिवसांची केप कमी दिसते. युरोप-अमेरिकेत हवेत सोडलेल्या हवामान-फुग्यांच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर ईआरए-५ सरस ठरला आहे. इथे तशी तुलना अवघड, कारण संभाजीनगरचा फुगा अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे, पाचशे मीटरहून उंच पठारावरून सुटतो. ती हवा तापीखोऱ्याची नव्हे. शिवाय फुग्यांच्या नोंदी या संचांमध्ये आधीच मिसळलेल्या असतात, म्हणून माझा भरवसा वहीवर जास्त.

तुमचा विषय धुळीच्या वादळांचा असेल तर मात्र मेरा-२ चा विचार जरूर करा. धूळ आणि इतर कण त्यात आहेत, ईआरए-५ मध्ये नाहीत. तो उतरवून घ्यायलाही सोपा. ईआरए-५ साठी रांगेत थांबावं लागतं, मी मागणी रात्री लावून झोपतो. पण त्याची तात्पुरती नोंद साधारण पाच दिवसांत हाती येते, मेरा-२ ची वाट काही आठवडे पाहावी लागते. नुकसानीचा पंचनामा ताजा असताना हा फरक जाणवतो.

ईआरए-५ घेतलात तर तयार केपवर थांबू नका. तिच्यात हवेतल्या वाफेमुळे घनतेत पडणारा फरक धरलेला नाही. थरांच्या नोंदी उतरवून स्वतः काढा, आणि साडेतीन व साडेचार या दोन वेळांपासून सुरुवात करा.