रिकाम्या गाडीचं वजन हाताने लिहिलं असेल तर सही करू नका

44,495 रुपये. पुण्याकडे भोसरीहून नऱ्ह्याला एक जुनी लेथ (लोखंड कातायचं यंत्र) आणायला मी एवढे पैसे मोजलेत. अंतर तीसेक किलोमीटर. मशीनचं खोक्यासकट चोरीला गेलेलं सामान पुन्हा घ्यायला 18,000 वेगळे गेले. आकडा पैशासकट लिहितोय, कारण गेले काही महिने घरी आणि शॉपवर मी तो फिरवून फिरवून कमी सांगत आलो. आता लपवून काही उपयोग नाही. ज्याला जुनी मशीन उचलायची आहे त्याने हे वाचावं.

बावीस वर्षं मी टर्निंग केलं. कंपनी सुटल्यावर नऱ्ह्यात भाड्याच्या गाळ्यात जॉबवर्क सुरू केलं. सहा फुटी लेथवर लांब शाफ्ट बसत नव्हते, म्हणून भोसरीतल्या एका बंद होणाऱ्या शॉपमधून आठ फुटी हेवी ड्युटी लेथ घेतली, 2,35,000 ला. विकणारे गृहस्थ सरळ होते, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. वजन विचारल्यावर ते म्हणाले, "दोन टन धरा."

भाड्याचे तीन भाव घेतले. पहिला 15,500, दुसरा 16,500. दोघांचाही हिशोब सारखाच होता: चौदा फुटी गाडी, दोन्हीकडे हायड्रा म्हणजे उचलायची क्रेन, आत सरकवायला चार माणसं, ठोक रक्कम. तिसरा म्हणाला, "टनाला 4,500, सगळं धरून. दोन टन म्हणजे 9,000 झाले, शेठ." आगाऊ 5,000 मी लगेच पाठवले. सात हजार वाचत होते आणि मशीनसाठी काढलेल्या कर्जाचा पहिला हप्ता डोक्यावर होता. ज्याचा हप्ता चालू असतो त्याला सात हजार दिसतात. मला हाव सुटली होती असं ज्यांना वाटतं त्यांनी भाड्याचा गाळा आणि एक हप्ता सांभाळून बघावा.

ठोक भाव सोडून कुणी टनावर भाव सांगायला लागला की समजा, वजनात खेळ होणार आहे. वजनकाटा कोणता हे तुम्ही ठरवा, आणि भाव लेखी घ्या, निदान फोनवर मेसेजमध्ये तरी.

18 मार्च 2025, मंगळवार. लोडिंग नीट झालं, म्हणूनच माझा विश्वास बसला. कॅरेज (हत्यार धरून सरकणारा भाग) मी स्वतः टेलस्टॉकच्या, म्हणजे उजव्या टोकाच्या बाजूला नेऊन लॉक केलं, कारण लेथचा सगळा भार हेडस्टॉककडे, म्हणजे डाव्या गिअरच्या टोकाकडे असतो आणि तोल तिकडे जातो. पट्टा बेडखालून, म्हणजे लेथच्या लांब पायाखालून घ्यायला लावला, लीडस्क्रूला (आटे पाडताना कॅरेज ओढणारा लांब स्क्रू) लागू नये म्हणून मध्ये लाकडी ठोकळे दिले. हे बघाच. लीडस्क्रूवरून पट्टा घेऊन उचललेल्या लेथी मी बघितल्यात, पुढे त्यांच्यावर आटे कधी सरळ निघत नाहीत. मुकादम माझं सगळं ऐकत होता. "शेठ जाणकार आहेत," असंही दोनदा म्हणाला.

हौद्यात केबिनच्या बाजूला ताडपत्रीखाली काहीतरी होतं. विचारलं तर म्हणाला, "पुढच्या पार्टीच्या प्लेटा आहेत, काट्यावर वजा करू." मी मान डोलावली.

मग काट्यावर गेलो. दुपारचा एक वाजला होता. पावती हातात आली: भरलेली गाडी 6,590, रिकामी 2,480, माल 4,110 किलो. पहिली ओळ यंत्रावर छापलेली, दुसरी बॉलपेनने लिहिलेली. रिकामी गाडी काट्यावर चढलेली मी बघितलीच नव्हती. मी म्हणालो, "चार टन कसं होईल?" त्याने आवाज न चढवता उत्तर दिलं, "शेठ, काटा बोलतोय, मी नाही. जुनं बीड आहे, ओतीव लोखंड, भरीव असतं. सही करा, मागे गाड्या लागल्यात."

मागे खरंच दोन डंपर हॉर्न वाजवत होते. तिकडे हायड्राचं मीटर चालू होतं. आणि मी सही केली.

हाच तो क्षण. रात्री दोनला जाग येते तेव्हा मी याच जागी उभा असतो. कारण त्या गाडीच्या डाव्या दारावर, माझ्या खांद्यापासून हातभर अंतरावर, पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं: यू.डब्ल्यू. 3680. प्रत्येक मालवाहू गाडीवर रिकाम्या गाडीचं वजन असं रंगवलेलं असतं, रोज आपण ते बघतो. पावतीवर 2,480, दारावर 3,680. बाराशे किलोची चोरी उघड्यावर रंगवून ठेवलेली होती आणि मी पावतीतल्या बेरजा तपासत बसलो. बायकोला "निघाली मशीन" म्हणून फोटो पाठवला होता, त्यातही तो आकडा स्वच्छ दिसतो. उरलेले नऊशे-एक किलो त्या प्लेटांचे. त्या कुणी वजा केल्या नाहीत, आणि त्या कुठल्या पार्टीच्या होत्या हे मला आजतागायत कळलेलं नाही.

गाडीचे पाटे, म्हणजे खालच्या स्प्रिंगा, त्यासुद्धा सांगत होत्या. चौदा फुटी गाडीत पाच टन माल पडला की पाटे सपाट व्हायला लागतात, मागचे टायर फुगतात. ही गाडी निवांत उभी होती. माझं लक्ष सगळं पावतीवर.

वजन आधी काढता येत नव्हतं का? येत होतं. काढलं, पण दोन दिवस उशिरा, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला. बिडाचा एक घनफूट भरीव ठोकळा साधारण 204 किलो भरतो, पोलादाचा 222 च्या आसपास. पण लेथचा बेड भरीव नसतो, आतून पोकळ आणि आडव्या पट्ट्यांचा असतो. बाहेरच्या मापाने येणाऱ्या वजनाचा तिसरा हिस्सा धरला तरी पुष्कळ. माझा बेड 244 सेंटीमीटर लांब, 35 रुंद, 32 खोल: साडेसहाशे किलोच्या आसपास. हेडस्टॉक गिअरसकट पावणेपाचशे, दोन्ही पाय मिळून तीनशे, कॅरेज आणि एप्रन पावणेदोनशे, टेलस्टॉक शंभर-सव्वाशे, फीड बॉक्स आणि स्क्रू-रॉड सव्वाशे, चक आणि मोटर शंभर. बेरीज जाते एकोणीसशेच्या पुढेमागे. पत्र्याचा ट्रे, तेल, पॅनल धरून दोन टन. म्हणजे विकणाऱ्याचा आकडा बरोबर होता. टेप माझ्या खिशात होती. वीस मिनिटांचं काम.

मशीनच्या प्लेटवर वजन नसलं तरी मॉडेल असतं. जुन्या नामांकित मशीनची माहितीपत्रकं आजही मिळतात, त्यात वजन छापलेलं असतं.

गाडी त्या संध्याकाळी नऱ्ह्याला आलीच नाही. साडेसातला गाडीवाल्याचा फोन आला: चार टनाची मशीन, आमच्या हायड्राने तुमच्या अरुंद गल्लीत उतरणार नाही, मोठा हायड्रा लागेल, गाडी बायपासच्या कडेला यार्डात लावलीय. पुढे रोज नवीन रक्कम. शेवटचा हिशोब असा: 4,110 किलोचे 18,495, मोठ्या हायड्राचे 8,000, गाडी तीन दिवस थांबवल्याचं होल्टिंग 7,500, जादा हमाली 4,500, आणि "ओव्हरलोडचा दंड भरला" म्हणून 6,000. दंडाची पावती मागितली तर म्हणाला, उद्या देतो. एकूण 44,495, आगाऊ दिलेले वजा जाता 39,495 भरा आणि मशीन न्या. उतरवायला आला तो हायड्रा लोडिंगचाच होता, त्याच नंबराचा.

लोक विचारतात, मग पैसे दिलेच का. 25 तारखेला पंप-शाफ्टची डिलिव्हरी होती. मशीन उघड्यावर होती, बेडवर ग्रीस नव्हतं. आणि मुख्य कारण आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगतो: ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याआधी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा कागद, केलेलं नव्हतं. राज्यातल्या राज्यात एक लाखावरच्या मालाला ते लागतं. बुकिंगच्या वेळी हाच माणूस म्हणाला होता, "भोसरी ते नऱ्हे, कोण अडवतंय?" आणि यार्डात गाडी लावल्यावर तोच म्हणाला, "बिल नाही, पोलिसांत गेलात तर मशीन जप्त होईल." मी घाबरलो. घाबरवण्यासाठीच तो कागद करू दिला नव्हता, हे नंतर लक्षात आलं. कागद पूर्ण करा. बिल्टी (माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती) हातात घेतल्याशिवाय मशीन हुकला लावू देऊ नका. माझ्याकडे बिल्टीच्या नावाने काहीही नाही.

शुक्रवारी रात्री साडेदहाला मशीन उतरली. सुट्या सामानाचं लाकडी खोकं नव्हतं: बारा इंची फोर जॉ चक (जॉब पकडायचा), स्टेडी (लांब शाफ्टला आधार द्यायची), चेंज गिअरचा सेट (वेगवेगळे आटे पाडायला लागतो तो). "तुम्ही दिलंच नव्हतं," म्हणे. जुन्या बाजारातून चक 9,500, स्टेडी 3,200, गिअर 5,300. सुटं सामान आपल्या गाडीत, आपल्या पायाशी ठेवा.

आता पोलिसांचं. शनिवारी सकाळी चौकीत गेलो. पावती, फोटो, पैसे पाठवल्याचे मेसेज, सगळं प्रिंट काढून नेलं. ठाणे अंमलदारांनी दारावरच्या आकड्याचा फोटो बघितलासुद्धा नाही. "काका, पावतीवर सही तुमची, पैसे पाठवले तुम्ही, मशीन मिळाली. हा दिवाणी मामला आहे." मी म्हणालो, खोटं वजन दाखवून पैसे काढले, ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 याचसाठी आहे. तर म्हणाले, "वकील आहात का?" दुसऱ्यांदा गेलो तेव्हा विषय हद्दीवर गेला. गाडी भरली एका हद्दीत, काटा तिकडेच, अडवली दुसऱ्या हद्दीत, पैसे घरी बसून पाठवले ते तिसऱ्या. तिन्हीकडे जाऊन आलो. प्रत्येकाने पुढच्याचा पत्ता दिला, एका ठिकाणी तर कागदावर नकाशा काढून दिला! गुन्हा कुठेही घडला तरी कोणत्याही ठाण्यात त्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. मी ते पान छापून नेलं होतं. त्यांनी ते उलटं करून त्याच्या मागे माझा फोन नंबर लिहून घेतला. अजून फोन आलेला नाही.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन केला. उत्तर मिळालं, हे ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे, तुम्ही ओळखीच्या माणसाला स्वतः पैसे पाठवलेत. ओळखीचा? तीन दिवसांची ओळख! काट्याबद्दल वजनमापांच्या खात्याकडे लेखी तक्रार दिली. सहा आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: सदर काट्याची वार्षिक पडताळणी झालेली आहे. अरे, काटा खोटा आहे असं मी म्हटलंच नव्हतं. काट्याने 6,590 बरोबरच दाखवलं. खोटा होता तो पेनाने लिहिलेला आकडा. माझी तक्रार कुणी वाचलीच नाही हे त्या एका ओळीत दिसतं. एवढा कर भरतो, दर महिन्याला रिटर्न भरतो, एक दिवस उशीर झाला तर दंड लागतो. आणि माझे 44,495 गेले तर मीच माझी फाईल काखेत घेऊन फिरायचं?

ग्राहक आयोगात "धंद्यासाठी घेतलेली सेवा" म्हणून अडवतात असं खूप जणांनी सांगितलं. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः काम करणाऱ्याला कायद्यात त्यातून सूट आहे. त्या आधारावर वकिलांनी अर्ज तयार केलाय. रस्त्याने माल नेणाऱ्याकडून सामानाची भरपाई मागायची असेल तर बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस लागते, ती आम्ही रजिस्टर पोस्टाने पाठवली. "पत्त्यावर राहत नाही" असा शेरा मारून परत आली. पाकीट न फोडता ठेवलंय.

माझ्या मेहुण्याचं म्हणणं, सोडून द्या दाजी, डोक्याला ताप. मी सोडणार नाही. कलम 173 चं चौथं पोटकलम वापरून पोलीस उपायुक्तांकडे अर्ज दिलाय, तिथे काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाणार.

भोसरी-तळवडे-चाकण पट्ट्यातून गेल्या वर्षभरात मशीन हलवलेल्या कुणाकडे अशी पावती असेल, ज्यात भरलेल्या गाडीचं वजन छापलेलं आणि रिकाम्या गाडीचं पेनाने लिहिलेलं आहे, तर ती फेकू नका. गाडीचा फोटो शोधा, दारावरचा आकडा पावतीशी ताडून बघा. एकट्याच्या अर्जाला "दिवाणी मामला" म्हणतात. त्याच माणसाच्या, त्याच पद्धतीच्या तीन-चार पावत्या एकत्र टेबलावर ठेवल्या तर तसं म्हणता येणार नाही. माझी पावती, फोटो आणि परत आलेलं पाकीट तयार आहे.