हात न पोचणारा ब्रेक पाइप आणि नाना पेठेतलं बिनपाटीचं गॅरेज

माझी बाइक २०१९ची, दोन्ही चाकांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेली. पहिली पाच वर्षं ती रेवदंड्याला अंगणात माडाखाली उभी असायची. खारा वारा लोखंडाचं काय करतो हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. बदली होऊन मी पुण्यात आले आणि मागच्या ब्रेकचं ऑइल कमी होतंय असं लक्षात आलं. पॅड नवे, कॅलिपर (चाकाजवळ पॅड डिस्कवर दाबणारा भाग) कोरडा, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा पंप) कोरडा, फरशीवर थेंब नाही. फक्त सीटखाली फ्रेमच्या एका नळीवरचा रंग पापडासारखा फुगला होता. ब्रेक ऑइल रंग खातं, त्यामुळे गळती तिथेच कुठेतरी होती.

एका सर्व्हिस सेंटरने गाडी दोन दिवस ठेवून घेतली, ऑइल भरून परत दिली आणि वर ‘एबीएसचं युनिटच बदलावं लागेल’ असं ऐकवलं. आकडा ऐकून मी हेल्मेट उचललं.

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांमागच्या बोळात हे गॅरेज आहे. पाटी नाही. बाहेर तीन गाड्या आणि एक प्लास्टिकचं स्टूल, एवढीच खूण. गॅरेजवाल्या काकांनी टॉर्च मारला, वायरचा तुकडा आत घालून बाहेर काढला, टोकाचा ओलेपणा बोटावर घेऊन पाहिला. ‘युनिट चांगलं आहे ताई. होजची कॉलर गंजलीय.’ होज म्हणजे ऑइल नेणारा ब्रेक पाइप. त्याचं रबर आणि बँजो (टोकाची, बोल्ट आरपार जाणारी कडी) जिथे दाबून जोडलेले असतात ती लोखंडी कॉलर. पाइप साडेतीन फुटांचा, पण त्याचं वरचं टोक एअर फिल्टरच्या डब्यामागे, युनिटच्या कुशीत. तिथे पाना जातो तर फिरत नाही, आणि फिरेल असा पाना आत जात नाही.

पार्ट यायला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी मी सुट्टी टाकून त्या स्टुलावर बसले.

सीट, टाकी, फिल्टरचा डबा उतरवला. मग काकांनी डब्यातून बाराचा एक रिंग पाना काढला. तापवून मान वाकवलेला, ग्राइंडरवर घासून भाकरीच्या काठाइतका पातळ केलेला. त्या पान्याने बोल्ट एका वेळी जेमतेम घड्याळातल्या पाच मिनिटांएवढा सरकायचा. काढा, फिरवून लावा, पुन्हा. या कामाला वीस मिनिटं गेली आणि तेवढा वेळ बोलके काका गप्प होते.

खरी गंमत पुढे. जुना पाइप ओढण्याआधी त्यांनी त्याच्या वरच्या बँजोच्या भोकात सुतळी बांधली. पाइप खालून ओढला तशी सुतळी त्याच वाटेने खाली आली. मग तिला नवा पाइप बांधून वरून ओढला, परकरात नाडी ओवावी तसा. त्यामुळे तो मूळच्या क्लिपांमधूनच गेला, चेनला किंवा सायलेन्सरला घासायचा प्रश्न नाही. तांब्याचे वायसर (जोडातून ऑइल गळू न देणाऱ्या चकत्या) चारही नवे, प्रत्येक बँजोच्या दोन्ही अंगांना एकेक. जुने ‘चालतील’ म्हणणारे मी पाहिलेत. एकदा दाबला गेलेला वायसर पुन्हा नीट बसत नाही.

ब्रेक ऑइल डॉट ४ प्रतीचं, सीलबंद डबीतलं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे अर्धी उरलेली डबी ते वापरत नाहीत. साइड पॅनलवर एक थेंब उडाला, तर आधी त्यावर मगभर पाणी ओतलं, मग पुढचं काम.

पाइपातली एअर काढून (म्हणजे ब्लीडिंग) झाली तरी पेडल मऊच. काकांनी पेडल सायकलच्या ट्यूबने खाली बांधलं आणि मला घरी पाठवलं. सकाळी बुडबुडे वर आले होते, पुन्हा एअर काढल्यावर पेडल कडक. मोकळ्या खडीच्या रस्त्यावर सावकाश वेगात चार वेळा मागचा ब्रेक दाबून एबीएस चालवून आणायला सांगितलं, म्हणजे युनिटमध्ये अडकलेली हवा निघते. त्यानंतर तिसऱ्यांदा ब्लीडिंग. ‘एवढं करून मऊ राहिला तर स्कॅनरवाल्याकडे जा, युनिट कॉम्प्युटरने चालवून हवा काढतात, ते माझ्याकडे नाही,’ हेही आपणहून सांगितलं. तशी वेळ आली नाही.

तक्रारी आहेत. दुसऱ्या दिवशी एबीएसचा दिवा लागून राहिला, कारण सेन्सरचा एक प्लग अर्धवट बसला होता. दोन मिनिटांचं काम, पण त्यासाठी कात्रजहून परत यावं लागलं. बिल कागदाच्या चिठ्ठीवर मिळतं. आणि काका ‘तासाभरात होईल’ म्हणाले की अर्धा दिवस धरा.

होज १,६८०, वायसर ६०, ऑइल २१०, मजुरी १,२००. एकूण ३,१५० रुपये. मजुरीत घासाघीस करू नका, मी केली नाही.

जुना पाइप त्यांनी न मागता पिशवीत घालून दिला. कॉलर नखाने दाबली तर खवले निघतात. ती आता आमच्या ऑफिसातल्या अलिबागच्या दोघांना दाखवून झालीय. त्यातल्या एकाची गाडी सोमवारी त्याच बोळात उभी होती.