नागासाकीहून खाऊ काय आणावा: कासुतेरा, योरियोरी की पोकळ इक्कोक्को?

फुकुओकाला राहायला आल्यापासून दर सुट्टीत आमचा कुणी ना कुणी पाहुणा नागासाकीला जातो आणि निघताना विचारतो, "घरी न्यायला काय घेऊ?" मी उलट विचारते, "घरी अंडं चालतं का?" त्या एका उत्तरावर निम्मी यादी गळते. दुसरा प्रश्न, डबा उघडायला किती दिवस लागणार? ही दोन उत्तरं हाताशी असली की निवड अवघड नाही.

कासुतेरा, म्हणजे इथला स्पंज केक, अर्थातच पहिला. नागासाकी बंदर १५७१ साली पोर्तुगीज व्यापारासाठी उघडलं. गोवा, मकाव, नागासाकी अशा त्या जहाजांच्या फेऱ्या असत. जपानी लोक ब्रेडला आजही 'पान' म्हणतात आणि आपण 'पाव'. शब्द एकच, पोर्तुगीजांचा. कासुतेरा हे नाव कास्तिल प्रांतावरून आलं असं मानतात, आणि त्याचं मूळ पोर्तुगालच्या पाव-द-लो या स्पंज केकात शोधतात. पण चारशे वर्षांत जपान्यांनी तो इतका आपलासा केलाय की आता पोर्तुगीज माणसालाही तो परका वाटावा.

यात लोणी नाही, तेल नाही, दूध नाही. अंडी, साखर, मैदा आणि मिझुआमे नावाचा चिकट गोड पाक, संपलं. पारंपरिक कृतीत बेकिंग पावडरही नसते, फुगवायचं सगळं काम फेटलेल्या अंड्यांचं. एकोणिसाव्या शतकातला सामुराई साकामोतो र्योमा याच्या काइएन्ताइ या व्यापारी मंडळींच्या वहीत कासुतेराची कृती लिहिलेली आहे: अंडी १००, मैदा ७०, साखर १००, सगळं मोन्मे या जुन्या वजनात. मैद्यापेक्षा साखर जास्त! तरी तोंडात घेतल्यावर तो गिच्च गोड लागत नाही. लाकडी चौकटीत भाजताना कारागीर मधूनमधून मिश्रण ढवळून बुडबुडे मोडतो, त्यामुळे जाळी बारीक आणि एकसारखी पडते. भट्टीतून काढल्या काढल्या खायचा नसतो. एखादा दिवस मुरला की ओलावा सगळीकडे सारखा होतो.

अस्सल नागासाकीचा कासुतेरा ओळखायचा तो बुडावरून. तिथे झारामे नावाची जाड, खडीदार साखर असते. काप उचललं की खालचा कागद हलक्या हाताने सोलायचा. कागदाला तपकिरी थर आणि चारदोन खडे चिकटून येतातच. ते चमच्याने खरवडून खाणं हा आमच्या घरातला सर्वात वादग्रस्त हक्क आहे. एकदा मी स्वस्त बघून स्टेशनवरच्या एका दुकानातून डबा उचलला होता. घरी उघडला तर बूड गुळगुळीत, खडा नावालाही नाही. चव वाईट नव्हती, पण असला केक मग कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटातही मिळतो.

दुकानं तीन लक्षात ठेवा. फुकुसाया १६२४ पासूनचं, वटवाघळाच्या चिन्हाचं. तिथे अंडी अजून हाताने फोडतात आणि एक घाणा सुरुवातीपासून भाजेपर्यंत एकच कारागीर सांभाळतो. अंड्याचा वास आणि चव तिघांत याचीच ठसठशीत. शोओकेन १६८१ चं. त्यांचा चॉकलेट कासुतेरा मेइजी काळापासूनचा (१८६८ ते १९१२), आणि लहान मुलं असतील तर तोच घ्या. मुख्य दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसून खाण्याची सोय आहे, पाय दुखत असतील तर तेवढं कारणही पुरतं. बुन्मेइदो १९०० चं, तिघांत सर्वात हलकं, ज्यांना अंड्याचा वास सोसत नाही त्यांच्यासाठी बरं. माझं मत विचाराल तर फुकुसाया. पण परतताना फुकुओकाहून विमान असेल तर नागासाकीतून ओझं वाहू नका, फुकुसायाचे डबे फुकुओकाच्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्येही मिळतात. वाटायचं असेल तर त्यांचा 'क्यूब' घ्या: रंगीत चौकोनी खोक्यात दोन कापं. पूर्ण लांबडा डबा ऑफिसात नेला की सुरी शोधा, ती ओल्या फडक्याने पुसा, मग सारखी कापं करा, हा उद्योग आपल्याच गळ्यात पडतो.

डब्यावर 'गोसानयाकी' लिहिलेलं दिसलं तर तो महागडा प्रकार समजा. त्यात बलक जास्त, मैदा कमी. पाच बलकांना तीन पांढरे असं प्रमाण सांगितलं जातं. रंग गडद, पोत जड आणि ओलसर. पहिल्यांदा खाणाऱ्याला साधाच द्या, गोसानयाकीतला फरक त्याला कळणार नाही आणि तुमचे पैसे मात्र गेलेले असतील.

आता अंडं न खाणाऱ्या घरासाठी. इथे लोक हिरमुसतात, पण मला विचाराल तर खरी गंमत इथेच आहे.

योरियोरी शिंची या चायनाटाउनमध्ये मिळतो. 'योरु' म्हणजे पीळ देणं. कणकेच्या पट्ट्यांना दोरीसारखा पीळ देऊन तळलेला हा चिनी प्रकार, याला तोजिनमाकी असंही म्हणतात. मैदा, साखर, मीठ, तेल. चव ओळखीची वाटते, कारण ती थेट आपल्या शंकरपाळ्यांच्या गल्लीतली आहे: गोडसर, किंचित खारट, खमंग. फरक कडकपणात. पहिला घास दाढेखालीच घ्या, पुढच्या दातांचं काम नाही. आजी-आजोबांसाठी मऊ प्रकारही मिळतो, पण तो म्हणजे पावसाळ्यात डबा उघडा राहिलेली शंकरपाळी, मी तरी घेत नाही. टिकाऊपणात योरियोरी सर्वांच्या पुढे. बॅगेत कोंबला तर तुकडे होतील, पण तुकड्यांनी चव बिघडत नाही. तळायला लार्ड म्हणजे डुकराची चरबी वापरलेली नाही ना, एवढं मात्र पाकिटावर बघून घ्या. जपानमध्ये अंडं, दूध, गहू हे घटक पाकिटावर छापणं कायद्याने सक्तीचं आहे, त्यामुळे फोनचा कॅमेरा समोर धरला की बहुतेक शंका तिथेच मिटतात.

इक्कोक्को हा माझा लाडका. बाहेरून गोल, फुगलेलं, घट्ट बिस्किट. फोडलं की आत पोकळ. भाजताना आतली काळी साखर वितळून कवचाला चिकटते आणि मधे नुसती हवा उरते. खाताना कुरकुरीत कवच आणि आतून गुळासारख्या चवीचा पातळ चिकट थर. कासुतेरासमोर हा गरीब दिसतो, पण चहाबरोबर मला हाच हवा असतो. नेहमीच्या कृतीत मैदा, मिझुआमे, काळी साखर आणि तीळ, अंडं नाही. हातातल्या सामानात न्या, दबला तर पोकळीचाच चुरा होतो.

मोमो कासुतेरा दिसायला सर्वात देखणा. कासुतेरावर गुलाबीसर साखरेचा लेप देऊन पीच फळाचा आकार, बाजूला हिरवी पानं. ३ मार्चला मुलींच्या सणाला, विशेषतः घरात मुलगी जन्मली असेल तर, शुभेच्छा देणाऱ्यांना हा परतभेट म्हणून पाठवायची इथली रीत. पीच शुभ, ही कल्पना चीनकडून आलेली. फोटो काढा, एक विकत घेऊन चौघांत खा. मला एकटीला अर्धाही संपत नाही, इतका गोड. विमानातून न्यायला तर मुळीच नको.

कासुदोसुसाठी नागासाकी शहर सोडून हिरादो गाठावं लागतं, दिवस जातो. कासुतेराची कापं बलकात बुडवून, गरम पाकातून काढून, वर साखर. म्हणजे केक, त्यावर पोर्तुगीज बलकाचा सोस, त्यावर गुलाबजामची वृत्ती. गोव्यात बिबिंक खाऊन वाढलेल्याला यात नातं सापडेल. बाकीच्यांनी खास वाट वाकडी करू नये.

एवढी साखर याच गावात का? जपानने परदेशांना दारं जवळजवळ बंद केली होती, त्या एकांतवासाच्या काळात डच जहाजं देजिमा बेटावर साखर आणत, तळाशी वजन म्हणूनही ती भरलेली असे. इथल्या लोकांना ती इतकी मिळे की पदार्थ कमी गोड झाला तर 'नागासाकी लांब राहिलं' असं म्हणायची पद्धत पडली. पुढे हीच साखर नागासाकी-कोकुरा रस्त्याने २५ मुक्कामांवरून क्युशू बेटभर गेली. २०२० मध्ये या 'शुगर रोड'ला जपानच्या वारशाच्या यादीत जागा मिळाली.

तिथेच खायचं आणि विसरायचं ते म्हणजे चिरिनचिरिन आइस. मेगाने पुलाजवळ घंटी वाजवणारी हातगाडी दिसेल. चपट्या पळीने आइस्क्रीमचे थर लावून कोनावर गुलाब फुलवून देतात. आइस्क्रीमपेक्षा सरबताच्या बर्फाच्या जवळचं, उन्हाळ्यात उत्तम. चमच्याने खायचा 'मिल्कशेक'ही प्रसिद्ध, पण त्यात कच्चं अंडं असतं हे आधी माहीत असू द्या.

मागच्या दिवाळीला मी पुण्याला जाताना बॅगेत एक क्यूब, दोन पाकिटं योरियोरी आणि इक्कोक्कोचा एक डबा नेला. सासूबाईंना अंडं चालत नाही, म्हणून त्यांच्या हातात इक्कोक्को दिला. त्यांनी तो फोडला, आत डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "सारण घालायचं विसरले वाटतं गं हे लोक."