कड्यांचा स्टीलचा हातमोजा: मटणाच्या दुकानात चालतो का?

स्टीलच्या बारीक कड्या जोडून केलेला हा मोजा युरोपातल्या मांस कारखान्यांसाठी घडवलेला आहे. तिथला कारागीर दिवसभर एकच काम करतो, टोकदार सुरीनं हाड सोडवायचं. एका हातात सुरी, दुसऱ्या हातात मांस, आणि मोजा मांस धरणाऱ्या हातात. आपल्या दुकानात मात्र एकच माणूस रान (बकऱ्याची मांडी) सोडवतो, ओंडक्यावर सत्तूरनं चाप तोडतो, खिमा काढतो आणि मधेच गिऱ्हाइकाला सुटे पैसेही देतो. त्यामुळे मोजा पैसे वसूल करतो की नाही, ते कोणतं काम चाललंय त्यावर ठरतं.

हाड सोडवायला आणि बोनलेस काढायला याच्यासारखं दुसरं काही नाही. सुरी हाडावरून निसटली की थेट डाव्या हाताच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर येते, आणि तो घाव जाळी अडवते. अपवाद फक्त टोकाचा. अरुंद, झिजून सुईसारख्या झालेल्या सुरीचं टोक जोरात बसलं तर कडीच्या भोकातून आत शिरतं. फार झिजलेली सुरी या कामातून काढलेलीच बरी. भोथरी सुरी त्याहून वाईट, कारण धार नसली की माणूस जोर लावतो आणि निसटते ती जोर लावलेलीच सुरी.

पायाच्या बोटांत सुरी धरून, मांस दोन्ही हातांनी पात्यावर ओढत कापायची आपली जुनी पद्धत अजून बऱ्याच दुकानांत आहे. तिथे पातं स्थिर आणि दोन्ही हात त्याच्याकडे जाणारे, म्हणून एका मोजानं अर्धंच काम होतं. दोन घेतले तर खर्च दुप्पट, शिवाय मांसावरचा पडदा आणि चरबी बोटांना लागेनाशी होते. या पद्धतीत मोजा घालून साफ खिमा काढणं जड जातं, हे विकणारा सांगणार नाही.

सत्तूरच्या कामाला हा मोजा घेऊ नका. कातडी वाचेल, पण घावाचा जोर जाळी अडवत नाही, खालचं बोट मोडतं. आणि मशीनजवळ तर अजिबात नाही. खिमा मशीन, हाड कापायचा बँडसॉ, कोंबडीची पिसं काढायचं मशीन, यांत मोजा अडकला की हातासकट आत ओढला जातो. उघडं बोट कापलं जाईल तिथे मोजा अख्खा पंजा नेतो.

माप मनगटाच्या पट्ट्याच्या रंगावरून ओळखतात. पांढरा म्हणजे लहान, लाल मध्यम, निळा मोठा, नारिंगी त्याहून मोठा. पट्टा उलटा बसवला की तोच मोजा दुसऱ्या हाताला चालतो. बोटाच्या टोकाला जाळी लोंबली तर ती सुरीखाली येते, म्हणून सैल घेण्यापेक्षा नेमका घ्या आणि तळव्याभोवती ताणून धरणारा रबरी पट्टा लावा. आत पातळ सुती मोजा हवाच, नाहीतर शीतपेटीतल्या मालावर स्टील इतकं गार पडतं की बोटं बधिर होतात. कापडी पट्ट्यात रक्त मुरतं आणि वास जात नाही. प्लास्टिकचा किंवा स्टीलचा पट्टा परवडतो.

धुण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. आधी गार पाणी, कारण गरम पाण्यानं रक्त गोठून कड्यांत बसतं. मग गरम पाणी, साबण आणि ब्रशनं चरबी. शेवटी कारखान्यात सुऱ्यांसाठी ठेवतात तसं 82 अंशांचं पाणी, आणि टांगून वाळवणं. ब्लीचमध्ये रात्रभर भिजत घातला तर चांगल्या स्टीललाही खड्डे पडतात. रोज उजेडात धरून बघा. एक कडी जरी तुटली असली तरी मोजा बाजूला ठेवा, तारेनं बांधून चालवू नका.

स्वस्तातला, सहज न कापणाऱ्या धाग्याच्या विणीचा मोजा काही शे रुपयांत जोडीनं मिळतो, कड्यांचा एकच हात काही हजारांत जातो. विणीच्या मोजावर नुसतं ‘लेव्हल 5’ छापलेलं असेल तर त्यावर जाऊ नका. ती जुन्या चाचणीची खूण आहे. नवीन मोजणीत ए ते एफ अक्षर असतं, धारेला एफ सर्वांत जास्त टिकतो. पेला-काट्याचं चित्र म्हणजे अन्नाला चालणारा. विणीचा मोजा चरबी पितो, वर नायट्राइल रबराचा घालावा लागतो, आणि टोक थेट आत जातं. चिकनचे छोटे तुकडे करायला ठीक, रान सोडवायला नाही.

इतकं असूनही मोजा बहुतेक दुकानांत खिळ्यालाच टांगलेला दिसतो. ‘हात बसलाय, मला लागत नाही’ हे एक कारण. खरं कारण रविवार. सकाळी सात ते अकरा रांग लागलेली, काही ठिकाणी मजुरी किलोवर, त्यात मोजा काढून पैसे घ्या, परत घाला. कुठला कारागीर ते करेल? तेव्हा रविवारी गल्ल्यावर वेगळा माणूस बसवणार नसाल तर मोजाचे पैसे वाया जातील. तीन-चार माणसांच्या दुकानात टाके आणि बुडालेला रोज बहुधा कारागिराच्याच अंगावर पडतो, त्यामुळे मालकाला घाई नसते.

घ्यायचाच तर गटारीच्या आधी घेऊ नका. त्या गर्दीत नव्या मोजाला शिव्याच पडतील. श्रावणात धंदा मंद असतो, तेव्हा दोन-तीन आठवड्यांत हाताला सवय होते.