मंत्रांची वही: १९८१ चा नियम की १९७८ चा?

जुन्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांवर चालणाऱ्या, पात्रं साकारायच्या खेळाच्या १९७८ आणि १९८१ च्या दोन्ही नियमावल्यांत जादूगाराला मंत्र आधी पाठ करावा लागतो आणि वापरला की डोक्यातून पुसला जातो. खरा फरक आहे तो मंत्र वहीत येतो कसा, यात.

१९८१ च्या बेसिक-एक्स्पर्ट नियमांत जादूगाराच्या वहीत तेवढेच मंत्र असतात, जेवढे तो दिवसात वापरू शकतो. पहिल्या लेव्हलला, म्हणजे पात्राच्या अनुभवाच्या पहिल्या पायरीला, फक्त एक. लेव्हल वाढली की गुरूकडे आठवडाभर राहायचं आणि नवा मंत्र शिकून परतायचं. फासा टाकायचाच नाही.

१९७८ च्या अ‍ॅडव्हान्स्ड पुस्तकात पात्राचे बुद्धीचे गुण मधे येतात. मंत्र समजेल का, हे शंभराचा फासा ठरवतो: बुद्धी १८ असेल तर ८५ टक्के शक्यता, ९ असेल तर जेमतेम ३५. शिवाय मंत्रांच्या ताकदीनुसार पातळ्या असतात, आणि प्रत्येक पातळीचे किती मंत्र शिकता येतील याला कमाल मर्यादा आहे. बुद्धी ९ वाल्याला सहाच, १८ वाल्याला अठरा. फासा फसला की तो मंत्र हातचा गेला. बुद्धीनुसार ठरलेली मंत्रांची किमान संख्या भरत नसेल तरच पुन्हा प्रयत्न करता येतो. शत्रूंना झोपवणारा ‘स्लीप’ मंत्र असा हुकला की जीव हळहळतो!

तरी मला हाच १९७८ चा नियम आवडतो. थडग्यात सापडलेली मंत्रांची गुंडाळी किंवा मेलेल्या शत्रूची वही इथे सोन्याहून मोलाची ठरते, कारण त्यातले मंत्र उतरवून घेता येतात. १९८१ च्या नियमात आपली वही मर्यादेपर्यंत भरलेलीच असते, मग दुसऱ्याची वही शोधायला जीव कोण धोक्यात घालणार? नवख्या मंडळींना मात्र मी १९८१ चाच नियम देते. पहिल्याच संध्याकाळी तक्ते नकोत.