एकच लाल ठिपका, पाच डीबगर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने मी व्हीएस कोड या एकाच संपादकातून पाच भाषांचे डीबगर, म्हणजे चालता कार्यक्रम मध्येच थांबवून चूक शोधण्याची साधने, जवळजवळ रोज वापरतो आहे. आमच्या प्रणालीत आकडेमोडीचा गाभा सी++ मध्ये, त्याभोवतीची सेवा पायथॉनमध्ये, हिशेबाचा जुना सर्व्हर जावामध्ये, विनंत्या वाटून देणारा भाग गोमध्ये आणि पडद्यावर दिसणारा भाग टाइपस्क्रिप्टमध्ये आहे. त्यामुळे एखादी विनंती नेमकी कुठे बिघडते हे शोधायचे, तर तिला या पाचही ठिकाणी अडवून पाहावे लागते. ओळीच्या डावीकडे टिचकी मारली की लाल ठिपका, म्हणजे ब्रेकपॉइंट, उमटतो आणि कार्यक्रम तिथे थांबतो, हे चित्र पाचही भाषांत सारखेच दिसते. या सारखेपणावर मी पहिले दोन महिने विसंबून राहिलो आणि त्याची किंमत वेळेच्या रूपाने मोजली.

संपादक आणि डीबगर यांच्यात डीबग अडॅप्टर प्रोटोकॉल नावाचा समान करार आहे. संपादक फक्त फाइल, ओळ आणि असल्यास अट कळवतो. प्रत्यक्ष थांबवण्याचे काम त्या त्या भाषेच्या डीबगरवर सोपवलेले असते. डीबगरने ती जागा मान्य केली नाही, तर ठिपका लाल न राहता राखाडी आणि पोकळ होतो. नवख्या सहकाऱ्यांना मी आता सर्वांत आधी हा राखाडी ठिपका ओळखायला सांगतो, कारण ‘ब्रेकपॉइंट लावला, पण थांबतच नाही’ या तक्रारीतली निम्मी उत्तरे तिथेच दिसतात.

सी++ मध्ये जीडीबी हा डीबगर जे करतो ते सर्वांत उघडे आणि म्हणून समजायला सर्वांत सोपे आहे. एक्स८६ प्रोसेसरवर तो त्या ओळीच्या पहिल्या इन्स्ट्रक्शनचा (प्रोसेसरला दिलेल्या आज्ञेचा) पहिला बाइट बाजूला काढून ठेवतो आणि त्या जागी हेक्समध्ये ‘सीसी’ असा लिहिला जाणारा बाइट बसवतो. प्रोसेसर तिथे पोहोचला की सापळा लागतो आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, जीडीबीला जागे करतो. पुढे जायचे असेल तेव्हा मूळ बाइट परत ठेवून, एकच पाऊल चालवून, पुन्हा ‘सीसी’ बसवावा लागतो. या कामासाठी मुद्दाम एक बाइटाची इन्स्ट्रक्शन राखून ठेवण्याचे कारण असे की एक्स८६ वर इन्स्ट्रक्शनची लांबी एक ते पंधरा बाइटांपर्यंत काहीही असू शकते, आणि सापळा मूळ इन्स्ट्रक्शनपेक्षा लांब असता तर त्याने शेजारच्या इन्स्ट्रक्शनवर अतिक्रमण केले असते. ६४ बिटांच्या आर्म प्रोसेसरवर प्रत्येक इन्स्ट्रक्शन चार बाइटांचीच असल्याने तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

या पद्धतीला वेग उत्तम आहे, पण तो ठिपक्यावर अट लावेपर्यंतच. काही लाख फेऱ्या मारणाऱ्या लूपमध्ये मी एका विशिष्ट खातेक्रमांकाची अट लावली आणि चहा घेऊन परत आलो, तरी लूप संपलेला नव्हता. अट जीडीबी स्वतः तपासतो, म्हणजेच प्रत्येक फेरीत कार्यक्रम खरोखर थांबतो, नियंत्रण कर्नलमधून जीडीबीकडे जाते, तो स्मृतीतून किंमत वाचतो आणि अट खोटी आहे असे पाहून कार्यक्रमाला पुढे सोडतो. आता अशा वेळी मी सरळ मूळ कोडमध्ये एक ‘इफ’ लिहितो, त्याच्या आत एक निरुपद्रवी ओळ ठेवतो आणि त्या ओळीवर बिनअटीचा ठिपका लावतो. पुन्हा कंपाइल करायला लागणारा वेळ धरूनही हा मार्ग कितीतरी स्वस्त पडतो.

ही गोष्ट ध्यानात आल्यानंतर पाचही डीबगरांकडे मी एकाच प्रश्नातून पाहू लागलो: अट तपासतो कोण, आणि कुठे बसून?

जावाचे उत्तर मला अनपेक्षित होते. तिथे ठिपका बाइटकोडमध्ये, म्हणजे जावा ज्या मधल्या भाषेत कंपाइल होते तिच्यात, बसतो. जावाचा कार्यक्रम चालवणारे हॉटस्पॉट हे आभासी यंत्र त्या जागचा बाइटकोड बदलून ब्रेकपॉइंटचा खास बाइटकोड ठेवते. सारे काही आभासी यंत्राच्या आत घडत असल्याने अटही आतच तपासली जात असेल, असा माझा समज होता. प्रत्यक्षात डीबगर आणि आभासी यंत्र यांच्यातल्या जेडीडब्ल्यूपी या प्रोटोकॉलमध्ये सशर्त ब्रेकपॉइंटसाठी एक रकाना राखलेला आहे खरा, पण त्यापुढे ‘भविष्यासाठी’ एवढाच शेरा आहे, आणि ते भविष्य काही अजून उजाडलेले नाही. अट संपादकाच्या बाजूने तपासली जाते आणि प्रत्येक वेळी घटना सॉकेटवरून, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीवरून, ये-जा करते. सर्व्हर दूरच्या यंत्रावर असेल तर हा खर्च विशेष जाणवतो. मात्र ‘अमुक वेळा आल्यानंतर थांब’ ही मोजणीची सोय त्याच प्रोटोकॉलमध्ये पहिल्यापासून आहे आणि ती आभासी यंत्र स्वतः पाळते. चूक ठरावीक फेरीलाच होत असेल, तर मी जावात अटीऐवजी मोजणी वापरतो.

जावाची जमेची बाजू म्हणजे सारे थ्रेड (कार्यक्रमात एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) न थांबवता फक्त ठिपक्यावर आलेला थ्रेड थांबवता येतो. चाचणी सर्व्हरवर इतरांचे काम चालू असताना ही सोय मोलाची आहे. अर्थात तो थ्रेड सामायिक गोष्टीचे कुलूप (लॉक) हातात धरून थांबला असेल तर बाकीचे त्याच्या दारात ताटकळत उभे राहतात. एका दुपारी माझ्यामुळे डेटाबेसच्या सगळ्या जोडण्या अडकून पडल्या होत्या. दुसरी सावधगिरी अशी की या प्रोटोकॉलला ओळखपडताळणी अजिबात नाही आणि जोडला गेलेला कोणीही आतमध्ये हवा तो कोड चालवू शकतो. जेडीके ९ पासून (जेडीके म्हणजे जावाचा विकाससंच) केवळ पोर्टक्रमांक दिला तर तो फक्त स्थानिक यंत्रापुरता उघडतो; जुन्या आवृत्तीच्या सवयीने त्यापुढे तारांकन लावणाऱ्यांनी आपण काय करतो आहोत हे एकदा तपासावे.

पायथॉनमध्ये अट कार्यक्रमाच्या आतच, त्याच फ्रेममधले, म्हणजे चालू फंक्शनमधले, चल वापरून तपासली जाते, त्यामुळे ती लिहायलाही सोपी आहे. इथली अडचण वेगळी होती. पायथॉनचे परंपरागत डीबगर ट्रेसिंगवर उभे आहेत, म्हणजे मागोवा घेतल्या जाणाऱ्या फंक्शनमध्ये इंटरप्रिटर ओळीओळीला डीबगरला हाक मारतो. ठिपका एकाच ओळीवर असला तरी आजूबाजूच्या ओळींनाही त्याचा भुर्दंड बसतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ या आवृत्तीत देखरेखीची नवी यंत्रणा आली. तिच्यात डीबगरला नको असलेल्या जागांची सूचना बंद करता येते. आमची सेवा ३.११ वरून ३.१२ वर नेली त्या आठवड्यात डीबगर जोडून चाचण्या चालवणे प्रथमच सुसह्य झाले. ३.७ पासून असलेले ‘ब्रेकपॉइंट()’ हे फंक्शनही मी वापरतो. ते कोडमध्ये विसरले जाण्याचा धोका असतो, म्हणून स्वयंचलित चाचण्यांच्या यंत्रावर त्याच्याशी संबंधित पर्यावरण-चल शून्य करून ठेवला आहे. मग ते फंक्शन काहीच करत नाही.

टाइपस्क्रिप्टसाठी मागे जावास्क्रिप्ट चालवणारे व्ही८ इंजिन आहे आणि तिथेही अट इंजिनच्या आतच तपासली जाते. न थांबता फक्त मजकूर छापणारा लॉगपॉइंट मला इथे सर्वांत आवडला. क्रोम ब्राउझरच्या डेव्हटूल्स या साधनांमध्ये तो आतून निव्वळ एक सशर्त ब्रेकपॉइंट असतो: छपाई हीच त्याची अट, आणि ती कधीच खरी ठरत नाही, ही युक्ती मला फार गोड वाटली. खरा त्रास सोर्स मॅपचा आहे. आपण ठिपका लावतो टाइपस्क्रिप्टच्या ओळीवर, चालते ती जावास्क्रिप्ट, आणि दोघांमधला नकाशा शिळा असेल तर ठिपका भलत्याच ओळीवर सरकतो किंवा राखाडी होतो.

गोसाठी डेल्व्ह हा डीबगर वापरावा. गोच्या अधिकृत दस्तऐवजातही जीडीबीऐवजी त्याचीच शिफारस आहे. सापळा तोच ‘सीसी’चा, पण गोरूटीन (गोमधला हलका समांतर धागा) एका थ्रेडवरून दुसऱ्या थ्रेडवर जाऊ शकतो हे डेल्व्हला ठाऊक असते. ‘पुढची ओळ’ म्हटल्यावर तो पुढच्या संभाव्य ओळींवर तात्पुरते ब्रेकपॉइंट लावतो आणि ‘हाच गोरूटीन असेल तर’ अशी अट जोडतो. कंपायलरला ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करण्यासाठीचे फेरफार) आणि इनलायनिंग (फंक्शनचा कोड हाक मारण्याच्या जागीच घालणे) बंद करायला मात्र विसरू नये. एरवी चल दिसेनासे होतात आणि पावले ओळींवरून उड्या मारत जातात.

पुन्हा सी++ कडे येतो, कारण आठ महिन्यांतला सर्वांत मोठा फायदा तिथेच झाला. एका स्ट्रक्चरमधील शिल्लक रकमेचे चल कुठूनतरी बिघडत होते आणि ठिपका कुठे लावावा हेच कळत नव्हते. अशा वेळी ओळीवर नव्हे, तर स्मृतीतल्या पत्त्यावर पहारा (वॉचपॉइंट) बसवावा लागतो. एक्स८६ मध्ये १९८५ च्या ८०३८६ प्रोसेसरपासून यासाठी चार रजिस्टर (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागा) आहेत, त्यामुळे एका वेळी चारच पत्त्यांवर पूर्ण वेगाने लक्ष ठेवता येते. ती पुरली नाहीत तर जीडीबी एकेक इन्स्ट्रक्शन चालवून किंमत तपासतो आणि कार्यक्रम शेकडो पटींनी मंदावतो. चलाच्या नावावर बसवलेला माझा पहिला पहारा फंक्शन संपताच उठून गेला. पत्ता पक्का धरणारा पर्याय वापरल्यावर तासाभरात दोषी सापडला. कार्यक्रम थांबतो तो किंमत लिहून झाल्यानंतर, त्यामुळे खरी ओळ दाखवलेल्या ओळीच्या अलीकडची असते.

हाच पहारा आता मी ‘आरआर’ या लिनक्सवरील साधनासोबत वापरतो. ते संपूर्ण धाव नोंदवून ठेवते, मग बिघडलेल्या क्षणापासून उलटे चालवत ‘ही किंमत शेवटची कोणी लिहिली’ इथपर्यंत थेट मागे जाता येते. त्याला प्रोसेसरमधील कामगिरी मोजणारे काउंटर लागतात आणि आम्ही ज्यांवर काम करतो त्या आभासी संगणकांना ते दिलेले नाहीत. म्हणून भंगारात जाणारा एक जुना डेस्कटॉप मी मागून घेतला आहे आणि तो सध्या माझ्या टेबलाखाली केवळ याच कामासाठी चालू असतो.