रिब्लूमिंग बियर्डेड आयरिस, पुण्यात १४ महिने: दोनदा फुलला, पण मध्ये कुजला

परवा सकाळी गच्चीवर गेले तर पांढऱ्या आयरिसच्या दांड्यावर चौथी कळी उघडलेली, म्हणून शेवटी हे लिहायला बसले. आयरिस म्हणजे कंदापासून येणारं फुलझाड, आणि रिब्लूमिंग म्हणजे एका बहरानंतर त्याच वर्षात परत फुलणारं. जूनमध्ये लिहिलं असतं तर एका ओळीत संपलं असतं, घेऊ नका, पैसे पाण्यात जातात. आता तसं म्हणणार नाही, पण तो जून मी विसरलेही नाहीये.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑनलाइन चार कंद मागवले, प्रत्येकी ४८० रुपये, कुरिअरचे १५० वेगळे, म्हणजे २०७०. दोन इमॉर्टॅलिटी, एक क्लॅरेन्स, एक हार्वेस्ट ऑफ मेमरीज. इमॉर्टॅलिटी म्हणजे आयरिसच्या नव्या जाती तयार करणाऱ्या लॉइड झुरब्रिग यांची १९८२ची जुनी व्हरायटी, परत फुलण्यात भरवशाची मानतात, आणि आयरिसला हवी तशी थंडी आपल्याकडे कुठे, दहा-बारा डिग्री तीही थोडेच दिवस, म्हणून तीच दोन घेतली. काश्मीरला एप्रिलमध्ये कब्रस्तानात पांढरे-जांभळे आयरिस दाट पसरलेले बघितले होते तेव्हापासून हे डोक्यात होतं.

पार्सलमध्ये एक छापील कागद होता. त्यावर लिहिलेलं, कंद दोन इंच खोल लावा, कोकोपीट आणि शेणखत अर्धं अर्धं. माझा सगळा राग या कागदावर आहे. बियर्डेड आयरिसचा कंद पुरायचा नसतो हो! मुळं मातीत आणि कंदाची पाठ वर, उघडी, उन्हात. दिवसाला सहा तास तरी ऊन. हे मला नंतर कळलं, पण जो विकतो त्याला तर माहीत असायलाच पाहिजे, आणि कोकोपीट म्हणजे स्पंज, पुण्याच्या पावसात ते आठ-आठ दिवस सुकत नाही.

तरी सुरुवात छान झाली. फेब्रुवारीत एका इमॉर्टॅलिटीला दांडा आला, अडीच फुटाच्या आसपास, पाच फुलं. कळी असताना फिकट निळसर झाक असते, उघडलं की पांढरंशुभ्र, तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली झुकलेल्या आणि त्या खालच्यांवर मधोमध तो दाढीसारखा केसाळ पट्टा, आतल्या बाजूला लिंबासारखा पिवळा होत जाणारा. नाक जवळ नेलं की हलका गोड वास. एक फूल दोन-तीन दिवस टिकतं, पण एकामागून एक येत राहतात. तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले होते की घ्या म्हणून.

मग २०२५चा पाऊस. त्या वर्षी तो मेमध्येच सुरू झाला ते सगळ्यांना आठवतंय. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात क्लॅरेन्सची मधली पानं पिवळी पडली, मी जरा ओढून बघितलं तर पानांचा अख्खा पंखा हातात आला आणि खाली कंदाच्या जागी तपकिरी लगदा. वास असा की हात तीनदा धुतले तरी जाईना. बाकीच्या कुंड्या उकरल्या तर तिथेही सुरुवात झालेली.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. चार दिवसांनी उत्तर आलं, "मॅडम, पाणी जास्त झालं असेल, लाइव्ह प्लांटला रिप्लेसमेंट नसते." मी त्यांचाच कागद फोटो काढून पाठवला, दोन इंच खोल हे तुम्हीच लिहिलंय ना? त्यावर पुढच्या ऑर्डरला २० टक्के डिस्काउंट देतो म्हणाले. मला डिस्काउंट नको होता, तो कागद बदलायला हवा होता. अजून तोच कागद पाठवतात, ओळखीत एकीने नोव्हेंबरमध्ये घेतले तेव्हा बघितला.

कंद वाचले ते सासऱ्यांमुळे. बाबांचा जन्म जुन्नरकडचा, कांद्याच्या शेतीत गेलेला. त्यांनी लगदा बघितला आणि म्हणाले, "अगं, कांदा काढल्यावर आपण पुरून ठेवतो का? हवा लागू दे त्याला." मग आम्ही दोघांनी बसून उरलेले कंद साफ केले. सुरीने कापायचं आणि जुन्या चमच्याने खरवडायचं, मऊ भाग संपून आत पांढरा, आल्यासारखा घट्ट भाग लागेपर्यंत. हा रोग बॅक्टेरियाचा असतो, बटाटे-गाजरं सडवणारी तीच जात, म्हणून बुरशीनाशक टाकून उपयोग नाही, आणि सुरी दर वेळी स्पिरिटने पुसली नाही तर आपणच तो पुढच्या कंदाला लावतो. कापलेले कंद तीन दिवस शेडखाली फरशीवर कोरडे केले. क्लॅरेन्स गेला तो गेलाच.

आता जुलैनंतरची रचना: अर्धा मुरूम, बाकी माती आणि थोडी जाड वाळू, कोकोपीट शून्य, शेणखत शून्य. शेणखताने पानं हिरवीगार माजतात आणि तीच आधी सडतात. नुसतं बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा, चिमूटभर. वर ६५० रुपयांची पारदर्शक शीट तिरकी लावली, पाऊस अडतो, ऊन येतं.

आणि इथे मला माझं मत बदलावं लागलं, कारण चूक सगळी कागदाची नव्हती. मार्चपासून मी पाणी जवळजवळ बंद केलं होतं, कारण आयरिसला उन्हाळ्यात कोरडं ठेवा असं वाचलेलं. ते वर्षातून एकदाच फुलणाऱ्या साध्या आयरिससाठी ठीक आहे. ज्या कंदाला एकदा फूल येऊन गेलं त्याला परत कधीच येत नाही, दुसरा बहर येतो तो बाजूला फुटलेल्या नव्या कंदांना, आणि ते त्याच वर्षात तयार व्हायचे तर त्यांना वाढीच्या दिवसांत पाणी आणि थोडं खत मिळालंच पाहिजे. म्हणजे मुळाला पाणी हवं, पाठीला नको. ते कळल्यावर मी कुंडीच्या कडेने पाणी घालायला लागले, कंदावर थेंब पडू न देता. एप्रिलच्या उन्हात उघडी पाठ भाजते म्हणून तेवढ्यापुरता बारीक खडीचा अगदी पातळ थर देणार आहे.

ऑगस्टमध्ये फुटवे जोर धरायला लागले. फेब्रुवारीत फुललेल्या कुंडीतले दोन फुटवे वाचले होते, त्यातल्या एकाला डिसेंबरमध्ये दांडा आला, चार फुलं. त्या दिवशी बाबा दोन जिने चढून वर आले बघायला, गुडघे दुखत असताना.

हिशोब मांडला तर २७२० रुपये आणि नऊ फुलं, एक फूल ३०० रुपयांना. तेवढ्यात निशिगंधाचे कंद पोतंभर येतील. नवीन कंद मी घेणार नाही, माझ्याकडचेच वाढवीन, आणि तुम्ही घेणार असाल तर ऑक्टोबरमध्येच घ्या, पावसाआधी अजिबात नाही, आणि कंद आला की कागद न वाचता पाठ वर ठेवून लावा.

हार्वेस्ट ऑफ मेमरीजला अजून एकही फूल नाही. पानं चांगली आहेत, बाजूला तीन फुटवे आहेत. मार्चपर्यंत बघते.